पत्र्याच्या अल्याड ऐकलेले पिच्चर

सिनेमा चांगला की वाईट, हे मला काडेपेटीनं शिकवलं. हसू नका, खरं सांगतेय. शिरड शहापूरच्या आमच्या घरात पुढच्या ढाळजेच्या, म्हणजे दारालगतच्या बैठकीच्या जागी काकांनी व्हिडिओ सेंटर काढलं होतं, आणि ते सेंटर आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नव्हती, एक लांबलचक पत्रा होता. पत्र्याच्या पल्याड गावातले गडी चटयांवर बसून पिच्चर बघायचे. अल्याड चुलीपाशी मी आणि काकू. पिच्चरमध्ये दम असला की पल्याड चिडीचूप. दम सुटला की आधी एक खोकला यायचा, मग दोन-चार, मग काड्या ओढल्याचा चर्र आवाज, आणि पत्र्याच्या वरच्या फटीतून विड्यांचा धूर आमच्या चुलीच्या धुरात येऊन मिसळायचा. "पडला बघ पिच्चर," मी काकूला म्हणायची.  काकूचं भाकरी थापणं चालूच असायचं, धप-धप-धप, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य त्या आवाजात बुडून जायचं. मी चिडायची. "काकू, हळू थाप ना गं!" तर ती म्हणायची, "हळू थापली की भाकर फुगत न्हाई." आज माझी लेक मला मोठ्या शहरातल्या थंडगार सिनेमागृहात नेते, तिथं मी डोळे मिटून बसते, आणि ती कोपरानं ढोसते, "आई, झोपलीस का?" झोपत नाही गं बाई. बघतेय. मला असंच बघता येतं.

आई-वडील मला नीट आठवत नाहीत. मला वाढवलं काका-काकूंनी, आणि त्यांना स्वतःचं लेकरू नव्हतं, त्यामुळं खाण्यापिण्यात कधी हात आखडला नाही. अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल, ज्वारीची गरम भाकरी, लसणाचा ठेचा, काका पहिला घास घ्यायच्या आधी "शकूला वाढलं का?" असं विचारायचेच. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यावरून काका दुष्ट होते असं कुणाला वाटायला नको. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. काकांशी भांडायला तोंड उघडलं की त्यातच त्यांचा घास असायचा.

दहावीला मी शाळेत पहिली आले. पुढचं शिक्षण वसमतला, रोज गाडीनं जायचं-यायचं. आणि त्याच उन्हाळ्यात सेंटर सुरू झालं. घराचा पुढचा दरवाजा सेंटरचा झाला. दुपारचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा असे खेळ असायचे, आणि खेळ चालू असताना बाईमाणसानं पुढून जायचं नाही. मागचं दार एका बोळात उघडायचं, त्या बोळात सेंटरला येणारी पोरं बिड्या ओढत उभी. म्हणजे झालं काय, की दुपारी गडी आत यायला लागले की आम्ही दोघी आत अडकायचो, आणि शेवटचा माणूस उठून गेल्यावरच बाहेरची हवा मिळायची. तेव्हा बाहेर जाऊन करायचं काय? गाव झोपलेलं. मी वसमतचा विषय काढला की काका म्हणायचे, "दारात गावभरचे टपोरी असत्यात. पोरगी बाहेर कशी काढू मी?" अहो, पण ते टपोरी दारात आणले कोणी? मी आणले का? हे मी मनात म्हणायची. मोठ्यानं म्हटलं असतं तर काका रागावले नसते, फक्त जेवायचे थांबले असते.

मग मी पिच्चर ऐकायला लागले. दुसरं होतं काय? आणि एकदा ऐकायला लागल्यावर मला त्यातलं बरंवाईट कळायला लागलं. भुताचे पिच्चर यायचे, ते गड्यांना फार आवडायचे. माझं मत असं झालं की भूत जोवर बोलत नाही तोवर भूत. दार करकरतंय, कुत्रं केकाटतंय, कुणीतरी पायऱ्या उतरतंय, तोवर माझ्या हातातलं लाटणंसुद्धा थांबायचं. आणि मग ते मेलं भूत तोंड उघडायचं आणि बदला घेण्यावर भाषण ठोकायचं. लागलीच पल्याड काड्या ओढल्या जायच्या. अहो, बदला घ्यायचाय तर घे ना, सांगतोस कुणाला? दुसरं म्हणजे, या पिच्चरमधल्या बाया रात्री-बेरात्री एकट्या वाड्याचं दार उघडून बाहेर जायच्या. गडी घाबरून ओरडायचे, "अय, जाऊ नको!" आणि मला त्या बाईचा हेवा वाटायचा. दार तिच्या हातानं उघडायचं.

धाडसाचे पिच्चर यायचे, परदेशातले, हिंदीत बोलायला लावलेले. जंगल, खजिना, तुटका पूल, मगरी. आवाज फार छान असायचे, पाण्याचा, माकडांचा, दोर तुटल्याचा. पण त्यांच्यात मला एक खोट दिसायची, की निघताना कुणी कुणाला विचारत नाही. नकाशा मिळाला की निघाले! घरी सांगणं नाही, डबा नाही, 'कवा येशील' नाही. मगरीशी झुंजणं सोपं आहे हो, उंबरा ओलांडायचा प्रसंग दाखवा ना एकदा. आणि कौटुंबिक पिच्चर, त्यांच्याबद्दल तर मला आजही तिडीक आहे. रडायचं कुठं हे त्यांच्यात बाजा सांगतो. सारंगी सुरू झाली की समजायचं, आता सून सासूच्या पाया पडणार. चूक सासूची, थोबाडीत मारली नवऱ्यानं, आणि माफी मागते ही! आणि पल्याडचे गडी, बरं का, तेव्हा खोकायचे नाहीत. नाकं ओढायचे. सुनेनं पाय धरले की त्यांना भरून यायचं.

काकांना माझ्या या कानाची खबर लागली ती एका चुकीमुळं. तेव्हा मोठे पिच्चर दोन कॅसेटींवर यायचे, आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या हाताळून हाताळून निघून गेलेल्या असायच्या. मशीन चालवायला मुनीरभाई होते, साधा माणूस, दिवसा सायकलींचे पंक्चर काढायचे. त्यांनी एकदा भुताच्या पिच्चरची दुसरी कॅसेट आधी लावली. पहिल्यांदा भूत, आणि जिचं भूत झालं ती बाई नंतर जिवंत! गड्यांना काही कळेना, पण कुणी बोलेना, कारण ज्याला कळलं नाही तो अडाणी ठरणार. मी अल्याडून पत्रा वाजवला आणि ओरडले, "काका, दुसरी आधी लागलीय!" त्या दिवशी काका जेवताना माझ्याकडं बघतच राहिले. "न बघता कसं काय वळखलं गं?" तेव्हापासून नियमच झाला. नांदेडहून नव्या कॅसेटी आल्या की मुनीरभाई पत्र्यावर टिचकी मारून विचारायचे, "बाई, पैले कौनसी?" थोडी वाजवून दाखवायचे, मी सांगायची. आणि काका विचारायचे, "शकू, चालंल का हा?" मी "दोन दिवस" म्हटलं की दोन दिवसच ठेवायचे, "आठ दिवस" म्हटलं की आठ. गावात सांगायचे, माझ्या पुतणीचा कान बराबर हाय. कुठला पिच्चर ठेवायचा यात माझं मत चालायचं, आणि मला कुठं ठेवायचं यात मात्र मला विचारायची पद्धत नव्हती. याचा मला असा संताप यायचा की मी भाकरी थापायची काटवट आपटायची.

एक वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा वसमतचे प्रवेश सुरू झाले, आणि काकांनी एक दिवस सहज, भाकरी मोडता मोडता, सांगितलं की औंढ्याकडचं एक स्थळ आहे, दिवाळीनंतर उजवून टाकू. "माणसं चांगली हायेत. घरी टीव्ही हाय." म्हणजे काय, तर इथं ऐकत होते, तिथं बघेन! मी काकूकडं बघितलं. काकू चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. ती नरसी गावची, चौदाव्या वर्षी शाळा सुटून या घरात आलेली, आणि तिचा स्वभाव असा की तिला काही विचारलं तर ती भाजीत मीठ आहे का बघायची. मला तेव्हा वाटायचं, काकूला काही कळतच नाही. ना पिच्चरमधलं, ना माझ्यातलं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वसमतचे प्रवेश बंद होणार होते.

त्या आठवड्यात सेंटरला जो पिच्चर होता तो कौटुंबिक, दोन कॅसेटींचा. पहिल्या कॅसेटीत खेड्यातली एक हुशार पोरगी, मामाकडं वाढलेली, शाळेत पहिली येते, आणि शेवटी मामा तिला शहरात शिकायला बसमध्ये बसवून देतो. बसचा भोंगा, पोरीचं गाणं, लांब जाणारा आवाज. दुसऱ्या कॅसेटीत तिचं लग्न, श्रीमंत घर, सासू, थोबाडीत, घराबाहेर काढणं, उपास, आणि शेवटी परत येऊन नवऱ्याचे पाय धरणं. वर देवळातली घंटा. हा पिच्चर मी "आठ दिवस चालंल" असं काकांना सांगितलं होतं आणि तो चाललाही, गडी रोज नाकं ओढत होते. मला मात्र तो ऐकवत नव्हता. बसचा भोंगा वाजला की मला वाटायचं, बंद करा आता, इथंच बंद करा. त्या भोंग्यापाशी काकूची थापही थांबायची. मी समजायची, पीठ संपलं.

पंचमीला आमच्याकडं तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, भाजत नाहीत. पुरणाची दिंडं उकडायची, एवढंच. त्यामुळं वर्षातून तो एक दिवस काकूचे हात मोकळे. माहेरवाशिणी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, पण त्या वर्षी सकाळपासून अशी झड लागली की झोके भिजून जड झाले आणि बाया पडवी-पडवीत दाटीवाटीनं उभ्या. तेव्हा सरपंचीणबाईंनी काकांना निरोप धाडला की आज एक खेळ बायांचा होऊ द्या. काकांना नाही म्हणता येईना. मात्र त्यांनीच नियम घातला, बायांच्या खेळात मुनीरभाई सोडून गडी माणूस आत थांबणार नाही. आणि मला म्हणाले, "शकू, तू हाय ना तिथं. बघ."

खेळाच्या वेळी मी पहिल्यांदाच पत्र्याच्या पल्याड गेले. विड्यांचा वास चटयांत मुरलेला. एवढ्या मोठ्या आवाजाचा टीव्ही म्हणजे केवढा असेल असं मला वाटायचं, एरवी पेटीत कुलूपबंद असणारा तो आपला गुळाच्या ढेपीएवढा निघाला. मुनीरभाईंनी दोन्ही कॅसेटी पुढं धरल्या. "बाई, पैले कौनसी?" मी बोट दाखवलं. त्यांनी थोडी वाजवली, मान हलवली. "ये तो दुसरी है."

"मालूम है," मी म्हटलं. "यहीच पैले लगाओ."

मुनीरभाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "अच्छा," आणि लावली.

बायांनी हॉल भरला. माहेरवाशिणी, सरपंचीणबाई, तांड्यावरची सोनाबाई तिच्या दोन्ही सुना घेऊन, आणि एका कोपऱ्यात माझी काकू, मोकळे हात मांडीत धरून. पिच्चर सुरू झाला तोच सुनेला थोबाडीत बसली. बाया हळहळल्या. तिला घराबाहेर काढलं तेव्हा शिव्या सुरू झाल्या. अहो, आमच्या बायांच्या शिव्या! गड्यांच्या खेळाला इतका जीव कधी आला नव्हता. आणि ती परत येऊन नवऱ्याच्या पायावर वाकली तेव्हा सोनाबाई उठूनच उभी राहिली, "अगं उठ की गं बये! काहून पडली पाया?" तेवढ्यात काका दारात आले. त्यांनी हा पिच्चर चारदा बघितलेला. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "अरे मुनीर, हे उलटं लावलं की रे!" ते आत यायला लागले.  आता त्यांनी कॅसेट बदलायला लावली असती तर सगळ्या बाया पुन्हा पहिल्यापासून शेवटाकडं, म्हणजे त्या पायांकडंच गेल्या असत्या, आणि माझी पंचमीही गेली असती. पण सरपंचीणबाई ओरडल्या, "ओ भाऊ, बाजूला व्हा, दिसना!" आणि मागून सोनाबाई, "गडीमानसाचं काय काम हितं?" नियम काकांचाच. ते मागं सरले, दारात उभे राहिले.

मुनीरभाईंनी घंटा वाजली तशी शेवटची पाटी यायच्या आत कळ दाबली, पहिली कॅसेट घातली, सुरुवातीची नावं भरभर पळवली. पडद्यावर दोन वेण्या घातलेली पोरगी दप्तर घेऊन पळत आली. हॉल गप्प. मला धास्ती, कारण तोंड तर तेच, नटी तीच. आणि मग सोनाबाईनं निकाल लावला. "ही तिची लेक! बघा की, आईच्या तोंडावर गेली!" लगेच सगळीकडून, "व्हय व्हय, लेकच हाय." एकीनं विचारलं, मग बाप कुठाय? तर दुसरी म्हणाली, "मेला असंल मुडदा, बरं झालं. मामानं संभाळली." बघता बघता बायांनी आपला पिच्चर जुळवून टाकला. आईनं भोगलं, म्हणून लेकीला शिकवली. शेवटी मामानं पोरीला बसमध्ये बसवलं, भोंगा वाजला, बस निघाली, आणि त्या खच्चून भरलेल्या हॉलमध्ये एक खोकला आला नाही. मी कान देऊन होते. एकही नाही. मला रडू फुटलं, आणि या वेळी बाजानं सांगितलं म्हणून नव्हे.

जेवायला दिंडं आणि तूप. काका खाली मान घालून जेवत होते. मग म्हणाले, "शकू, पिच्चर उलटा लावलास."

"व्हय."

"काहून?"

मी तोंड उघडलं, वर्षभराचं सगळं ओठावर आलेलं. पण माझ्या आधी काकू बोलली. "उलटा कुठं? मला तर बराबर वाटला. आईनं भोगलं, लेकीला शिकाया धाडली. यात उलटं काय हाय?"

"अगं, त्या दोघी एकच हायेत."

"एकच कशा असतील? इतकं भोगलेली बाई पुन्हा दोन वेण्या घालून शाळंत जाईल का? तुमाला पिच्चर कळत न्हाई."

व्हिडिओ सेंटरच्या मालकाला!  काकूनं त्यांच्या ताटात आणखी तूप सोडलं आणि तूप सोडता सोडताच म्हणाली, "तिला तर मामानं बशीत बसवली. तुमी तर काका हाव."

"लोक काय म्हनतील?"

"लोक? अर्धं गाव आज हॉलात व्हतं. काय म्हनलं ते तुमी दारात उभं राहून ऐकलं न्हाई का?"

काका उठले, हात धुतला, ओट्यावर जाऊन बसले. जेवण झालं की ते विडी पेटवायचे, रोज. मी आत भांडी घासत काडीच्या आवाजाची वाट बघत होते. काडी ओढली गेली नाही. खोकलाही नाही. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला, "वसमतची सकाळची गाडी कवा हाय?"

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या दारानं बाहेर पडले. काकू माझ्याबरोबर रिकाम्या हॉलमधून उंबऱ्यापर्यंत आली, आणि तिथंच थांबली. मी म्हटलं, "चल की फाट्यापर्यंत." तर म्हणाली, "भाकरी टाकायच्यात," आणि आत गेली. गाडीत बसून भोंगा ऐकला तेव्हा मला आनंद झाला हे खरं, पण पत्र्याच्या अल्याड आता एकटीच बसलेली काकूही डोळ्यांपुढून हलेना. पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न माझ्या मनानं केलं. केबल आली तसं सेंटर बसलं, मग सीड्या आल्या, मुनीरभाई पूर्णवेळ पंक्चरवर आले. काका गेले. पत्रा मात्र काकूनं काढू दिला नाही, "वारं अडतंय," म्हणायची.

एका दिवाळीत माझी लेक, तेव्हा चांगली मोठी झालेली, चुलीपाशी काकूजवळ बसली होती. आम्ही दोघी सिनेमावर वाद घालत होतो, रोजच घालतो. लेकीनं काकूला विचारलं, "आज्जी, तू पाहिलेला सगळ्यात भारी पिच्चर कोणता?"

"पंचमीचा," काकू म्हणाली. "दुसरा बघितलाच कुठं मी? चांगला व्हता. तुझ्या आईनं उलटा लावलता."

 "काकू! तुला ठावं होतं?"

"आता गं! आठ दिवस पत्र्याच्या पल्याड तोच चालू व्हता. मी काय गावाला गेलती? तुझ्याच शेजारी तर बसलेली."

"मग काकांना तू तसं... आई आणि लेक म्हणून..."  एवढी वर्षं मी एकटीच ऐकत होते असं समजत आलेले. शेवटी मी विचारलं, "तुला सुलटा नव्हता का आवडला?"

काकूनं पिठाचा गोळा काटवटीत ठेवला. थापला नाही. हात तसेच त्याच्यावर ठेवून बसली.

"सुलट्यात मी व्हतेच की गं," ती म्हणाली.